सुळक्यावर जाण्याआधी दोर धरायला शिका : सह्याद्रीतल्या पहिल्या प्रस्तरारोहणाची तयारी

तैलबैलाच्या जोडभिंतींखाली उभं राहिल्यावर किंवा नाणेघाटातून जीवधनशेजारच्या वानरलिंगीकडे नजर गेल्यावर ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. किल्ले फिरून झाले आहेत, हरिहरच्या पायऱ्या आणि कलावंतिणीची वाट आत्मविश्वासाने चढता येते, दृष्टिभय बऱ्यापैकी ताब्यात आहे आणि आता खऱ्या कातळावर दोर लावून चढायचं आहे. अशी मुलं-मुली भेटली की त्यांचा पहिला प्रश्न हमखास असतो, "लीड कधी करायला मिळेल?"

लीड म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढणं. माझं उत्तर असं, की लीड करणाऱ्याचा दोर ज्या दिवशी तुमच्या हातात निर्धास्तपणे देता येईल, त्या दिवसापासून तुमचं आरोहण सुरू झालं. सुळक्याच्या फोटोत माथ्यावरचा माणूस दिसतो, खाली दोर धरून मान वर करून दोन तास उभा राहिलेला दिसत नाही. पण वरच्याचा पाय सुटला तर त्याचा जीव या खालच्या माणसाच्या हातात असतो. म्हणून या लेखात चढण्यापेक्षा दोर धरणं, तपासणं आणि उतरणं यांवर जास्त भर दिला आहे.

आधी कातळ समजून घ्या

सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हा एकावर एक थरांत पसरत गेला, म्हणून आपल्या कड्यांवर आडव्या पट्ट्या दिसतात : उभा कातळ, मग गवताळ किंवा मुरमाड टप्पा, पुन्हा उभा कातळ. काही थरांच्या मध्ये लालसर, मऊ मातकट पट्टा असतो. या रचनेतून आरोहकासाठी दोन गोष्टी निघतात. उभ्या कातळापेक्षा मधला घसाऱ्याचा टप्पा बऱ्याचदा जास्त धोकादायक असतो, कारण तिथे ना पकड असते ना बोल्ट (दोर अडकवण्यासाठी कातळात बसवायचा धातूचा खिळा) मारायला जागा. आणि पाय सुटला तर आरोहक मोकळ्या हवेत न पडता खालच्या टप्प्यावर आपटू शकतो.

दर पावसाळ्यात फटींमध्ये पाणी शिरतं, मुळं वाढतात आणि दगड सैल होतात. गेल्या वर्षी पक्की असलेली पकड यंदा हातात येऊ शकते. म्हणून कुठल्याही पकडीवर वजन टाकण्याआधी तिच्यावर तळहाताने थापटा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ 'डब' आवाज आला तर ती सोडा. संशय असेल तर पकड बाहेर ओढू नका, खालच्या दिशेने दाबून वापरा. गवताच्या जुड्या पकडून चढायची ट्रेकर्सची सवय इथे पूर्णपणे सोडावी लागते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात शेवाळलेल्या कातळावर नवख्याने जाऊच नये, आणि मार्चनंतर तापलेला कातळ हात भाजतो. थंडीतही भिंत कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते बघा. पूर्वेकडच्या भिंतीवर सकाळभर ऊन असतं, पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारनंतर. सावलीचे तास पकडून चढाई आखली की पाणीही कमी लागतं. तरी माणशी तीन-चार लिटर धरूनच चला, सुळक्यावर टाकं नसतं.

शिकायचं कुठे

व्हिडिओ बघून गाठी शिकता येतात, निर्णय घ्यायला शिकता येत नाही. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना १९६५) किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) इथला सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स जमला तर उत्तमच. तो जमला नाही तर पुण्या-मुंबई-नाशकातल्या जुन्या संस्था हंगामात प्रस्तरारोहणाची शिबिरं घेतात, तिथून सुरुवात करा. शिबिर निवडताना एका प्रशिक्षकामागे किती मुलं आहेत, हेल्मेट प्रत्येकाला मिळतं का आणि दोर किती जुना आहे, हे विचारा. या प्रश्नांनी चिडणाऱ्या माणसाकडे शिकू नका.

सरावाला कृत्रिम भिंत चालते. मुंबईकरांना मुंब्रा आणि कान्हेरीचे कातळ आहेत. दोन-तीन दिवस मोकळे असतील तर कर्नाटकातलं बदामी गाठा. तिथला वालुकाश्म आपल्या बेसॉल्टपेक्षा खूप भरवशाचा आहे आणि बोल्ट लावलेल्या वाटा भरपूर आहेत, त्यामुळे पायांच्या हालचालींवर नीट लक्ष देता येतं.

पहिली खरेदी

हेल्मेट, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), लॉकिंग कॅराबिनर (लॉक होणारी धातूची कडी), बिले डिव्हाइस (आरोहकाचा दोर धरून ठेवणं म्हणजे बिले, त्यासाठीचं उपकरण), दोन स्लिंग (पट्टीचे मजबूत फास) आणि दोरावर आवळून बसणाऱ्या प्रुसिक गाठीसाठी सहा मिलिमीटरची दोरी एवढं स्वतःचं असावं. हेल्मेट गिर्यारोहणाचंच हवं, सायकलचं किंवा बांधकामावरचं नाही. शूजची घाई नको, आधी साध्या चांगल्या पकडीच्या बुटांवर पाय ठेवायला शिका.

दोर बहुधा संस्थेचा असतो, पण त्यातला फरक प्रत्येकाला कळायलाच हवा. डायनॅमिक दोर पडणाऱ्याच्या वजनाने ताणला जातो आणि धक्का शोषतो. स्टॅटिक दोर जवळपास ताणला जात नाही, तो उतरण्यासाठी, सामान ओढण्यासाठी आणि बचावकार्यासाठी असतो. स्टॅटिक दोरावर लीड करताना पडलं तर धक्का थेट शरीरावर आणि अँकरवर, म्हणजे दोर कातळाला जिथे जोडलेला असतो त्या जागेवर, येतो. बाजारात दोन्ही रंगीत दिसतात, म्हणून रंगावर जाऊ नका, टोकावरची पट्टी वाचा. कुणाचाही वापरलेला दोर विकत घेऊ नका, त्याने काय सोसलंय ते बघून कळत नाही. न वापरता ठेवलेला दोरही दहा वर्षांनी बाद करावा. दोरावर पाय देऊ नये हे शिबिरात पहिल्या दिवशी सांगतात. पायाखालची बारीक कच आवरणातून आत शिरते आणि आतले धागे कापत राहते.

बांधणी आणि एकमेकांची तपासणी

दोर हार्नेसला जोडायची गाठ एकच : मागोवा घेऊन बांधलेली आठाची गाठ. ती हार्नेसच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बांधणीच्या जागांतून गेली पाहिजे. दोर जिथे जातो तिथे जोडीने, समांतर आणि पीळ न पडता दिसला पाहिजे. शेपूट निदान वीतभर ठेवा.

चढण्याआधी दोघांनी एकमेकांना तपासायचं. आरोहकाने बघायचं : बिले डिव्हाइसमधून दोर बरोबर दिशेने गेलाय का, कॅराबिनर लॉक आहे का, दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ आहे का. बिले देणाऱ्याने बघायचं : आठाची गाठ, हार्नेसची बकलं, हेल्मेटचा पट्टा. फक्त बघू नका, हात लावून ओढून बघा. ही तपासणी सर्वांत जास्त चुकते ती अनुभवी माणसांची, कारण त्यांच्यात बोलता बोलता गाठ बांधायची सवय असते. गाठ अर्धी असताना कुणी हाक मारली तर आधी गाठ पुरी करा, मग उत्तर द्या.

दोर धरणं

बिलेमध्ये एक नियम बाकी सगळ्यांच्या वर आहे : ब्रेकचा हात दोरावरून कधीही सुटत नाही. घाम पुसताना नाही, पाणी पिताना नाही, माशी बसली तरी नाही. डिव्हाइसमधून बाहेर येणारा मोकळा दोर या हातात, कमरेखाली राहतो. दोर आत घेताना क्रम असा : एका हाताने वरून खाली ओढा, ब्रेकच्या हाताने बाहेर खेचा आणि लगेच खाली आणा, दुसऱ्या हाताने ब्रेकच्या हाताखाली दोर पकडा, मग ब्रेकचा हात न उचलता सरकवत वर न्या. हे इतकं घोटा की कुणाशी बोलतानाही चुकणार नाही.

उभं राहायची जागा भिंतीजवळ, पण आरोहकाच्या अगदी खाली नाही. दोन पावलं बाजूला राहा, कारण त्याच्या पायाखालून सुटलेला दगड सरळ खाली येतो. भिंतीपासून लांब उभं राहिलात तर तो पडल्यावर तुम्ही पुढे ओढले जाता आणि तेवढा जास्त दोर सुटतो. आरोहक तुमच्यापेक्षा बराच जड असेल तर मागे किंवा खाली अँकर घेऊन स्वतःला बांधा. हातमोजे घाला.

लीड क्लाइंबरला दोर देताना ढील किती ठेवायची, हा खरा कौशल्याचा भाग आहे. ताठ ठेवलात तर क्लिप करताना, म्हणजे बोल्टला दोर अडकवताना, त्याचा तोल जातो, सैल ठेवलात तर पडण्याची लांबी वाढते. दोर आरोहक आणि डिव्हाइस यांच्यामध्ये हलका झोळ घेऊन लटकला पाहिजे. आणि सह्याद्रीत आणखी एक विचार सतत डोक्यात हवा : आत्ता तो पडला तर कुठल्या टप्प्यावर आपटेल? टप्प्याच्या लगेच वर असताना दोर जरा आखूड ठेवा. वर मोकळी भिंत असेल तर थोडी ढील चालते.

धक्क्याचं गणित सोपं आहे. पडण्याची लांबी भागिले त्या क्षणी मध्ये असलेला दोर म्हणजे फॉल फॅक्टर. वीस मीटर दोर बाहेर आहे आणि आरोहक शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वरून सुटला, तर तो चार मीटर पडतो आणि फॅक्टर ०.२ येतो. पण चढाईच्या दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला, मध्ये एकाही बोल्टला दोर न अडकवता, स्टेशनच्या (बिले देणारा अँकरला बांधून थांबतो त्या जागेच्या) दोन मीटर वरून सुटला तर तोही चार मीटरच पडतो, मात्र दोर फक्त दोन मीटरचा असतो. फॅक्टर होतो २, म्हणजे सर्वांत वाईट, आणि सगळा भार थेट स्टेशनवर आणि बिले देणाऱ्यावर. म्हणून स्टेशन सोडल्यावर पहिलं क्लिप जितकं लवकर होईल तितकं बरं. लीड करणारा विसरला तर खालच्याने ओरडून आठवण करून द्यावी. त्यात वयाचा, अनुभवाचा संकोच नको.

हाका आधी ठरवा. "बिले ऑन", "ढील दे", "दोर खेच", "पडतोय", "सेफ", "बिले ऑफ" एवढ्या पुरतात. प्रत्येक हाकेआधी नाव घ्या, कारण शेजारी दुसरा गट असेल तर त्यांचा "बिले ऑफ" ऐकून तुम्ही दोर सोडाल. दगड सुटला तर छोटा असो की मोठा, "दगड!" म्हणून जोरात ओरडायचं. खालच्यांनी वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. कोकणातून वर येणाऱ्या वाऱ्यात आवाज पोचत नाही. तिथे वॉकीटॉकी असावा, नाहीतर दोराला किती झटके म्हणजे काय, ते जमिनीवरच ठरवून ठेवा.

सराव असा करा. जमिनीपासून चार-पाच मीटरवर दोर ओवून आरोहकाऐवजी वाळूचं पोतं बांधा आणि कुणीतरी ते अचानक सोडा. तुमच्या मागे आणखी एकाने ब्रेकचा दोर धरलेला असू द्या. पहिल्या वेळी जवळपास सगळे दचकतात. दचकूनही हात सुटत नाही अशी खात्री झाली की पुढे चला.

दुसऱ्या क्रमांकावर चढणं

सेकंड मॅन म्हणून चढताना दोर वरून येतो, त्यामुळे चढाईचं तंत्र शिकायला ही उत्तम जागा. हात-पाय मिळून तीन जागा पक्क्या, एकच हलणार. हाताने ओढून घेण्यापेक्षा पायाने उचला. टाचा खाली, पोट कातळापासून जरा लांब, नजर पायांकडे. दंड फुगायला लागले की हात सरळ करून लटका, कोपर वाकवून थांबू नका. खडकाच्या रुंद उभ्या भेगेत, म्हणजे चिमणीत, पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला दाबून सरकायचं असतं. ते जमलं की चढाईतली भीती एकदम कमी होते.

वाटेतली क्विकड्रॉ (दोन कॅराबिनर जोडलेली छोटी पट्टी) आणि स्लिंग काढून आणणं हे तुमचंच काम. वर स्टेशनला पोचल्यावर पहिली गोष्ट, स्वतःला अँकरमध्ये लॉकिंग कॅराबिनरने अडकवा. त्यानंतरच "सेफ" म्हणा.

अँकरकडे संशयाने बघा

सुळक्यांवर जुने पिटॉन (फटीत ठोकलेल्या धातूच्या मेखा) आणि बोल्ट आढळतात. काही कित्येक पावसाळे खाल्लेले आणि गंजलेले असतात, काही हाताने फिरतात. एकट्या बोल्टवर कधीच लटकू नये. निदान दोन, आणि दोन्हींवर भार वाटला जाईल अशी जोडणी. दोन्ही स्लिंगांमधला कोन जितका मोठा, तितका प्रत्येक बोल्टवर जास्त ताण येतो. ६० अंशांवर प्रत्येकावर भाराच्या सुमारे ५८ टक्के, ९० अंशांवर ७१ टक्के आणि १२० अंशांवर प्रत्येकावर पूर्ण भार. म्हणजे १२० अंशांवर दोन बोल्ट जोडून वाटणीचा काहीच फायदा उरत नाही. स्लिंग लांब घ्या, कोन ६० अंशांच्या आत ठेवा. एक बोल्ट उपटला तरी दुसऱ्यावर सगळं टिकेल आणि जोडणी सुटणार नाही, हे बघण्यासाठी मधली गाठ बांधा.

उतरणं

माथ्यावर पोचल्यावर अर्धं काम बाकी असतं, आणि तेव्हा माणूस थकलेला, उन्हाने पोळलेला आणि आनंदात असतो. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या मोहिमेत अरुण सावंत यांच्यासारखे कित्येक दशकांचा अनुभव असलेले ज्येष्ठ गिर्यारोहक आपण गमावले. कड्याच्या कडेला अनुभव कुणालाही माफी देत नाही, हे त्यानंतर तरी प्रत्येक गटाने मनावर घ्यायला हवं. कडेपासून दोन मीटरच्या आत प्रत्येक जण बांधलेलाच असला पाहिजे, फोटो काढणाराही.

रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून उतरण्याचा, क्रम असा ठेवा. आधी स्वतः अँकरला अडका. दोर अँकरमधून ओवून त्याचा मध्य अँकरवर आणा. ६० मीटरचा दोर दुहेरी केल्यावर ३० मीटरच मिळतो, तेव्हा खालचा टप्पा तेवढ्यात येतो का ते आधीच माहीत हवं. दोन्ही टोकांना वेगवेगळ्या जाड गाठी मारा. दोराच्या टोकावरून सरकून पडणं हा पूर्णपणे टाळता येणारा मृत्यू आहे, आणि तो टाळायला दोन गाठी पुरतात. दोर फेकण्याआधी "दोर!" म्हणून ओरडा. कातळाच्या धारेवर दोर घासत असेल तर खाली सॅक किंवा जाड कापड घाला.

डिव्हाइस स्लिंगने छातीच्या उंचीवर लांबवा आणि त्याखाली, हार्नेसच्या बिले लूपवर, प्रुसिक किंवा ऑटोब्लॉक गाठ घाला. दगड लागून हात सुटला तरी ही गाठ तुम्हाला धरून ठेवते. केस, ओढणी, गळ्यातला पट्टा, सैल टी-शर्ट सगळं आत खोचा. आता अँकरची स्लिंग लागलेली असतानाच पूर्ण वजन दोरावर टाकून बघा. सगळं धरलं की मगच स्लिंग काढा. उतरताना उड्या मारू नका. उड्यांनी अँकरवर नाहक धक्के बसतात आणि दगड सुटतात. पाय खांद्याएवढे फाकवून, टाचा टेकवत चालत या.

पहिला खाली पोचला की त्याने थोडा दोर ओढून बघावा. तो सरकत नसेल तर वरचा माणूस अजून काहीतरी दुरुस्त करू शकतो. शेवटचा खाली आल्यावर दोर ओढण्याआधी टोकाची गाठ सोडायला विसरू नका, नाहीतर ती वर जाऊन अडकते. ओढताना सगळे बाजूला, हेल्मेट डोक्यावर, कारण येणारा दोर दगड घेऊन येतो.

आग्या मोहोळ

आपल्याकडच्या कड्यांवर याची भीती उंचीपेक्षा मोठी आहे. आग्या माश्यांची पोळी कातळाच्या छपराखाली लटकलेली असतात. चढाईच्या आदल्या दिवशी दुर्बिणीने भिंत बघा आणि गावकऱ्यांना विचारा. वाटेजवळ पोळं दिसलं तर चढाई रद्द करा, इथे वाटाघाट नाही. अत्तर, डिओ नको. पायथ्याशी शेकोटी आणि धूर नको, आरडाओरडा, शिट्ट्या नकोत. प्रत्येकाच्या खिशात चेहऱ्यावर घालायची जाळी असू द्या.

माश्या सुटल्याच तर हात झाडू नका, चेहरा आणि मान झाकून लांब जा. दोरावर असाल तर घाबरून स्वतःला सोडवू नका. बिले देणाऱ्याने शांतपणे, पण लवकर खाली घ्यावं. काटे नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. ओठ सुजणं, श्वास लागणं, चक्कर येणं यांपैकी काहीही दिसलं तर तो माणूस ताबडतोब रुग्णालयात न्यावा लागतो. आधीपासून ॲलर्जी माहीत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲड्रिनॅलिन इंजेक्शन सोबत ठेवा आणि ते कुठे आहे हे गटातल्या सगळ्यांना सांगा.

गाव, आणि अपघात झालाच तर

पायथ्याच्या गावात पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटून किती जण, कुठल्या वाटेने, कधी परत हे सांगा. वनखात्याची परवानगी लागत असेल तर ती आधी काढा. अपघाताच्या वेळी सर्वांत आधी पोचतात ते गावकरी, आणि वाटांची माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नसते. घरीही एका जबाबदार माणसाकडे परतीची वेळ लिहून द्या आणि त्या वेळेनंतर त्याने कुणाला फोन करायचा तेही.

कुणी जखमी झालं तर आधी पुढचे दगड आणि पुढची घसरण थांबवा. तुम्हीच बांधलेले नसाल तर धावू नका. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेला माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडू शकतो. शुद्धीवर असेल तर त्याला स्लिंगमध्ये पाय अडकवून ताण द्यायला सांगा आणि लवकरात लवकर खाली घ्या. मान किंवा पाठीला मार असेल तर गरजेशिवाय हलवू नका. ११२ किंवा १०८ वर कळवा. नेटवर्क नसेल तर एकट्याला पाठवू नका, दोघांना पाठवा, आणि त्यांच्या हातात जागा, वेळ, जखमींची संख्या आणि अवस्था लिहिलेला कागद द्या. राज्यात ठिकठिकाणी गिर्यारोहकांची स्वयंसेवी बचाव पथकं आहेत. तुमच्या भागातल्या पथकाचा नंबर हंगामाच्या सुरुवातीलाच मोबाइलमध्ये भरून ठेवा.

पहिला हंगाम कसा आखाल

नोव्हेंबरमध्ये गाठी, तपासणी आणि बिले, फक्त छोट्या कातळांवर. डिसेंबरात वरून दोर लावून चढाई आणि अँकर बांधायचा सराव, जमिनीवरच. जानेवारीत अनुभवी नेत्यामागे सेकंड मॅन म्हणून एखादा एक-दोन टप्प्यांचा सुळका. फेब्रुवारीत तोच सुळका पुन्हा, यावेळी सगळं बिले तुमचं. लीड पुढच्या हंगामात. हा वेग संथ वाटेल. पण १९९८ साली एव्हरेस्टवर पोचलेले सुरेंद्र चव्हाण असोत की २०१२ मध्ये गिरिप्रेमी या संस्थेच्या मोहिमेतून शिखर गाठलेले पुण्याचे आठ जण, त्यांच्यामागे सह्याद्रीतला असाच वर्षानुवर्षांचा सराव होता.

परत आल्यावर दोर हातातून सरकवत पूर्ण तपासा. कुठे मऊ पडलाय, आवरण फुगलंय किंवा कापलंय असं जाणवलं तर त्या दोरावर पुन्हा चढू नका. मळला असेल तर साध्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा. आणि वाटेत जो बोल्ट सैल किंवा गंजलेला सापडला, त्याची जागा आणि फोटो दुसऱ्या दिवशीच इतर संस्थांना कळवा, पुढच्या शनिवारी तिथे कुणीतरी जाणार असतं.